एक आडनाव, अनेक माणसे

माणसाचे नाव त्याचे आईवडील मोठ्या हौसेने ठेवतात; आडनावाचे मात्र तसे नसते. ते आपल्या जन्माच्या कितीतरी आधी ठरून गेलेले असते. खापरपणजोबांच्याही आधीच्या कोणा पूर्वजाला गावातील लोक ज्या नावाने ओळखीत, तेच नाव पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराण्याला चिकटून राहते. पुण्याहून दुसऱ्या गावी जाऊन राहिलेला तो पुणेकर, गावचा कारभार पाहणारा तो पाटील, वसुलाचा हिशेब लिहिणारा तो कुलकर्णी, भाता फुंकणारा तो लोहार आणि लाकूड तासणारा तो सुतार. आज सुतार आडनावाचे गृहस्थ शस्त्रक्रिया करतात, आणि कुलकर्णी आडनावाच्या बाई विमान चालवतात. तरीही वर्गात नवा मुलगा आला, की काही जण त्याचे आडनाव कान टवकारून ऐकतात आणि त्यावरून त्याची किंमत मनातल्या मनात ठरवून टाकतात.

आडनावावरून माणसाची पारख करता येते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण एकाच आडनावाची काही माणसे पाहू. त्यासाठी घेऊ या इंग्रजी भाषेतील अतिशय सर्वसामान्य असे एक आडनाव, 'स्मिथ'.

स्मिथ म्हणजे लोहार. जुन्या इंग्रजी भाषेत धातूवर काम करणाऱ्या कोणत्याही कारागिराला हा शब्द लावीत. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमधील सामान्य माणसाला आडनाव नसे. खेडी लहान होती, सगळे एकमेकांना ओळखीत, तेव्हा एका नावावर भागत असे. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर हळूहळू जमिनीच्या आणि करांच्या नोंदी अधिक काटेकोर होऊ लागल्या. एका गावात चार जॉन असले, तर कर कोणत्या जॉनने भरला हे लिहून ठेवावे लागे. मग कोणी 'टेकडीवरचा जॉन' झाला, कोणी 'रॉबर्टचा मुलगा जॉन' झाला, आणि कोणी 'लोहार जॉन' झाला. पुढे त्या लोहाराचा मुलगा शेती करू लागला, तरी लोक त्याला स्मिथच म्हणत राहिले. सुमारे चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडमधील बहुतेक घराण्यांत अशी आडनावे कायम झाली. शिंप्याचे 'टेलर', कुंभाराचे 'पॉटर', कोळ्याचे 'फिशर', भट्टीत पाव भाजणाऱ्याचे 'बेकर' अशी ही आडनावे आहेत.

या सर्वांत स्मिथ हेच आडनाव इतके का पसरले? नांगराचा फाळ, घोड्याचे नाल, विळा, कुऱ्हाड, दाराची बिजागरी आणि सैनिकाची तलवार या साऱ्या वस्तू लोहाराच्याच हातून घडत. त्याच्यावाचून कोणत्याही गावाचे चालत नसे. म्हणून गावोगाव एक लोहार असे, आणि गावोगाव एक स्मिथ घराणे निर्माण झाले. याचा अर्थ असा, की सगळे स्मिथ एकमेकांचे नातेवाईक नव्हेत. त्यांचे पूर्वज वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या भट्ट्यांसमोर घाम गाळीत होते. त्यांना जोडणारा दुवा एवढाच, की ते एकच काम करीत. जी गोष्ट इंग्लंडमध्ये घडली तीच युरोपातील इतर देशांतही घडली. जर्मनीत 'श्मिट', हंगेरीत 'कोवाच', रशियात 'कुझ्नेत्सोव्ह' ही आडनावे लोहारांचीच आहेत. ज्या वेगवान मोटारींचे नाव जगभर गाजले आहे, त्या 'फेरारी' या इटालियन आडनावाचा उगमही लोहारकामातच आहे.

इंग्लंडमधून लोक जगभर गेले, आणि त्यांच्याबरोबर हे आडनावही गेले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१० च्या जनगणनेत सुमारे २४ लाख लोकांचे आडनाव स्मिथ होते. त्या देशातील ते सर्वांत अधिक आढळणारे आडनाव होय. एवढ्या मोठ्या समुदायात नाना तऱ्हेची माणसे झाली असणार हे उघडच आहे. त्यांपैकी काही जणांची आता ओळख करून घेऊ.

पहिला मान खऱ्याखुऱ्या लोहाराच्या मुलाला देऊ. विल्यम स्मिथ याचा जन्म १७६९ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यातील चर्चिल नावाच्या खेड्यात झाला. त्याचे वडील गावचे लोहार होते. विल्यम आठ वर्षांचा असतानाच ते वारले, आणि तो शेतकरी चुलत्याच्या घरी वाढला. त्या भागातील शेतांत चमत्कारिक आकाराचे दगड सापडत. काही दगड गोट्यांसारखे गोल असत. मुले त्यांनी खेळत. काही मोठे व चपटे असत. गवळणी लोणी तोलताना ते वजन म्हणून तराजूत टाकीत. हे दगड म्हणजे लक्षावधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील प्राण्यांचे अवशेष होत, हे त्या गवळणींना ठाऊक नव्हते. अशा अवशेषांना जीवाश्म म्हणतात. विल्यमला त्यांचे वेड लागले.

मोठा झाल्यावर तो जमिनीची मोजणी करू लागला. सॉमरसेट परगण्यात कोळशाच्या खाणीत उतरून पाहताना आणि कालवा खणण्याच्या कामावर देखरेख करताना त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. जमिनीखालचे खडक पुस्तकाच्या पानांसारखे थरांवर थर असे रचलेले असतात, आणि त्या थरांचा क्रम ठरलेला असतो. इतकेच नव्हे, तर प्रत्येक थरात विशिष्ट प्रकारचेच जीवाश्म आढळतात. तेव्हा दोन दूरच्या गावांतील खडकांत सारखेच जीवाश्म सापडले, तर ते खडक एकाच काळातील आहेत असे ओळखता येते. हा शोध लागताच त्याने साऱ्या देशातील खडकांचा नकाशा काढण्याचे मनावर घेतले. घोड्यावरून, गाडीतून व पायी त्याने हजारो मैल प्रवास केला. अखेर १८१५ मध्ये इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचा काही भाग दाखवणारा त्याचा भव्य नकाशा प्रसिद्ध झाला. तो सुमारे साडेआठ फूट उंच आणि सहा फूट रुंद होता. प्रत्येक प्रकारच्या खडकाला निराळा रंग होता, आणि तो रंग प्रत्येक प्रतीवर हाताने भरलेला होता.

परंतु विल्यमजवळ धन नव्हते आणि मोठ्या घराण्याचे नावही नव्हते. लंडनमध्ये भूविज्ञान संस्था नावाची विद्वानांची संस्था होती. तिच्यातील श्रीमंत गृहस्थांनी लोहाराच्या या मुलाला आपल्यात घेतले नाही. उलट त्यांनी आपला वेगळा नकाशा तयार करून तो कमी किमतीत विकावयास काढला. विल्यम कर्जात बुडाला. आयुष्यभर जमवलेले जीवाश्म त्याला विकावे लागले. आणि १८१९ मध्ये कर्ज फेडता न आल्यामुळे त्याला लंडनच्या तुरुंगात काही आठवडे काढावे लागले. तुरुंगातून सुटल्यावर तो यॉर्कशायरकडे निघून गेला, आणि पुन्हा खडक तपासू लागला. सत्य मात्र फार काळ झाकून राहिले नाही. १८३१ मध्ये त्याच भूविज्ञान संस्थेने आपले नवे वोलस्टन पदक पहिल्या प्रथम विल्यम स्मिथला दिले, आणि संस्थेच्या अध्यक्षांनी त्याला 'इंग्लंडच्या भूविज्ञानाचा जनक' म्हणून गौरविले. आज त्या संस्थेच्या लंडनमधील इमारतीत त्याचा नकाशा मानाने लावलेला आहे.

दुसरा स्मिथ स्कॉटलंडचा. अॅडम स्मिथ याचा जन्म १७२३ मध्ये कर्कॉडी या बंदराच्या गावी झाला. त्याचे वडील त्याच्या जन्मापूर्वीच वारले होते. आईनेच त्याचा सांभाळ केला. पुढे तो ग्लासगोच्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला. १७७६ मध्ये त्याचा 'राष्ट्रांची संपत्ती' या विषयावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्र या विद्येचा पाया घालणारा ग्रंथ म्हणून तो ओळखला जातो.

एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभी अॅडमने उदाहरण घेतले ते एका क्षुल्लक टाचणीचे. एकटा माणूस सर्व कामे स्वतः करून टाचण्या बनवू लागला, तर दिवसाकाठी त्याच्या हातून वीससुद्धा व्हावयाच्या नाहीत. पण एका लहानशा कारखान्यात दहा माणसांनी कामे वाटून घेतली होती. एकाने तार ओढावी, दुसऱ्याने ती सरळ करावी, तिसऱ्याने तोडावी, चौथ्याने टोक काढावे, अशी ती वाटणी होती. ही दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या तयार करीत. यालाच श्रमविभागणी असे म्हणतात. तिच्यामुळे संपत्ती वाढते, हे अॅडमने दाखवून दिले. परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. जन्मभर एकच लहानसे काम करीत राहणाऱ्या माणसाची बुद्धी मंदावते, म्हणून गोरगरिबांच्या मुलांना लिहिणे, वाचणे व हिशेब शिकण्याची सोय सरकारने केली पाहिजे, असेही त्याने त्याच ग्रंथात लिहिले. संपत्तीचा विचार करताना ती निर्माण करणाऱ्या हातांना तो विसरला नाही.

तिसऱ्या स्मिथला शाळेत फार दिवस जाता आले नाही. जॉर्ज स्मिथ १८४० मध्ये लंडनमध्ये एका गरीब घरात जन्मला. चौदाव्या वर्षी तो एका छापखान्यात उमेदवारी करू लागला. तेथे तो नोटांच्या छपाईसाठी धातूच्या पत्र्यावर बारीक कोरीव काम शिकत असे. दुपारी जेवणाची सुट्टी झाली, की इतर कामगार विसावा घेत. जॉर्ज मात्र ब्रिटिश म्युझियमकडे धाव घेई. मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, निनवे या प्राचीन नगरात उत्खननात सापडलेल्या मातीच्या हजारो विटा तेथे आणून ठेवल्या होत्या. त्यांवर बाणाच्या टोकांसारख्या खुणांची लिपी कोरलेली होती. बारीक रेषा पाहण्याची सवय जॉर्जच्या डोळ्यांना छापखान्यातच लागली होती. ती लिपी तो आपल्या आपण शिकला, आणि पुढे म्युझियमनेच त्याला कामावर घेतले.

१८७२ मध्ये एका फुटक्या विटेवरील मजकूर वाचताना तो एकाएकी थबकला. मोठा जलप्रलय झाला, एका माणसाने नौका बांधून प्राणिमात्र वाचवले, नौका डोंगराला लागली, आणि त्याने पाणी ओसरले की नाही हे पाहण्यासाठी पक्षी सोडले, अशी कथा त्या विटेवर होती. आपल्याकडील मनू आणि मत्स्य यांच्या कथेची आठवण करून देणारी ही हकीकत बायबलमध्येही आहे. परंतु येथे ती त्याहूनही जुन्या परंपरेत आढळत होती. त्या आनंदाच्या भरात जॉर्ज खोलीभर धावत सुटला, असे सांगतात. त्या वर्षीच्या डिसेंबर महिन्यात त्याने लंडनमधील विद्वानांच्या सभेत हा शोध वाचून दाखवला, तेव्हा देशाचे पंतप्रधान ग्लॅडस्टन हेही श्रोत्यांत बसले होते. ती कथा गिल्गमेश नावाच्या प्राचीन महाकाव्याचा एक भाग होती. एका वृत्तपत्राने खर्च दिला, आणि १८७३ मध्ये जॉर्ज स्वतः निनवेला गेला. तेथे जलप्रलयाच्या कथेचा आणखी एक तुकडा त्याला सापडला. १८७६ मध्ये तिसऱ्या प्रवासाहून परतताना सीरियातील अलेप्पो येथे आजारी पडून तो मरण पावला. त्या वेळी त्याचे वय अवघे ३६ वर्षांचे होते.

आडनाव नेहमी वडिलांकडूनच येते असेही नाही. मार्गारेट चेस ही अमेरिकेतील मेन राज्यातल्या एका न्हाव्याची मुलगी. तिचा जन्म १८९७ मध्ये झाला. १९३० मध्ये क्लाइड स्मिथ यांच्याशी विवाह झाल्यावर ती मार्गारेट चेस स्मिथ झाली. पतीच्या निधनानंतर मार्गारेटबाई अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहात निवडून गेल्या, आणि १९४९ मध्ये सिनेट या वरिष्ठ सभागृहाच्या सभासद झाल्या. दोन्ही सभागृहांत काम केलेल्या त्या पहिल्या अमेरिकन महिला होत.

त्या काळी जोसेफ मॅकार्थी नावाचा एक सिनेट सभासद पुरेसा पुरावा नसताना अनेकांवर देशद्रोहाचे आरोप करीत होता. सर्वत्र भीती पसरली होती. जो विरोध करील त्याच्यावरच उद्या आरोप होईल, म्हणून मोठमोठे पुढारी गप्प बसले होते. मॅकार्थी मार्गारेटबाईंच्याच पक्षाचा होता. तरीही १ जून १९५० या दिवशी त्या सिनेटमध्ये भाषणाला उभ्या राहिल्या. त्या वेळी सभागृहातील ९६ सभासदांत त्या एकट्याच स्त्री होत्या. मॅकार्थीचे नाव न घेता, शांत व स्पष्ट शब्दांत त्यांनी सांगितले, की टीका करण्याचा, लोकांना न आवडणारे मत बाळगण्याचा, निषेध करण्याचा आणि स्वतंत्रपणे विचार करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. हे भाषण 'सदसद्विवेकाची घोषणा' या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध आहे. या धैर्याबद्दल त्यांना एका महत्त्वाच्या समितीवरील जागा गमवावी लागली. पण त्या मागे हटल्या नाहीत. पुढे १९५४ मध्ये सिनेटने मॅकार्थीच्या वर्तनाचा निषेध करणारा ठराव मंजूर केला.

अमेरिकेत हे आडनाव आणखी एका वाटेने पसरले, आणि ती वाट दुःखाची आहे. आफ्रिकेतून लक्षावधी माणसे पकडून अमेरिकेत नेली गेली आणि तेथे गुलाम म्हणून विकली गेली. त्यांची स्वतःची नावे पुसली गेली. गुलामगिरीची प्रथा १८६५ मध्ये घटनेत दुरुस्ती करून बंद करण्यात आली. त्यानंतर स्वतंत्र झालेल्या अनेक कुटुंबांकडे पूर्वीच्या मालकाचे आडनाव होते. काहींनी आपणहून एखादे इंग्रजी आडनाव निवडले. म्हणून अमेरिकेतील लक्षावधी कृष्णवर्णीय नागरिकांची आडनावे इंग्रजी आहेत.

अशाच लोकांपैकी टॉमी स्मिथ हा एक. तो १९४४ मध्ये टेक्सास राज्यात जन्मला. घरात बारा भावंडे, आणि वडील शेतमजूर. लहानपणी तोही शेतात राबला. पुढे तो विलक्षण वेगाने धावू लागला. १९६८ मध्ये मेक्सिको शहरात ऑलिंपिक सामने भरले. त्यांत टॉमीने २०० मीटरची शर्यत १९.८३ सेकंदांत पुरी करून सुवर्णपदक आणि जागतिक विक्रम असे दोन्ही मिळवले. पदक स्वीकारताना तो आणि कांस्यपदक मिळवणारा जॉन कार्लोस हे पायांत बूट न घालता, केवळ काळे मोजे घालून, मंचावर चढले. ते अनवाणीपण आपल्या बांधवांच्या दारिद्र्याची खूण होती. राष्ट्रगीत सुरू होताच दोघांनी मान खाली घातली, आणि काळा हातमोजा घातलेली एकेक मूठ उंच उचलली. आपल्या समाजावर होणाऱ्या अन्यायाविरुद्धचा तो मूक निषेध होता. त्याबद्दल दोघांनाही अमेरिकेच्या संघातून काढून घरी पाठवण्यात आले, आणि पुढे कित्येक वर्षे त्यांना हालअपेष्टा सोसाव्या लागल्या. पण काळ बदलला. ज्या सॅन होसे येथील विद्यापीठात ते शिकले, तेथेच २००५ मध्ये त्या प्रसंगाचे भव्य शिल्प उभारण्यात आले. ज्या नावाने एके काळी गुलामगिरीची आठवण होत असे, ते टॉमीने स्वाभिमानाचे नाव केले.

आता या आडनावाच्या आणखी एका माणसाची हकीकत सांगावयाची आहे. ती आपल्या महाराष्ट्रात घडली. कॅप्टन जॉन स्मिथ हा इंग्रजांच्या मद्रास फौजेतील घोडदळाचा अधिकारी होता. एप्रिल १८१९ मध्ये तो वाघाच्या शिकारीसाठी अजिंठ्याजवळच्या डोंगरांत हिंडत होता. तेव्हा हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात मोडत असे. वाघूर नदीच्या अर्धचंद्राकृती दरीत, झाडाझुडपांआड, त्याला एका लेण्याची कमान दिसली. आसपासच्या लोकांना ही लेणी ठाऊक होती. परंतु बाहेरच्या जगाला त्यांचा विसर पडला होता. कॅप्टन स्मिथच्या भेटीनंतर अजिंठ्याची कीर्ती हळूहळू सर्वत्र पसरली, आणि १९८३ मध्ये या लेण्यांची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली.

कॅप्टनने मात्र त्या दिवशी आणखी एक गोष्ट केली. आज ज्याला दहावे लेणे म्हणतात, त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेल्या चैत्यगृहात तो शिरला, आणि तेथील प्राचीन चित्रावर त्याने आपले नाव व तारीख खरडून ठेवली. ज्या कलावंतांनी तेलाच्या दिव्यांच्या आधारे ती चित्रे रंगवली, त्या बहुतेकांची नावे आपल्याला माहीत नाहीत. कॅप्टनचे नाव मात्र तेथे आजही वाचता येते. दुर्दैवाने त्याचे अनुकरण करणारे लोक आजही आढळतात. सहलीला गेल्यावर किल्ल्यांच्या तटांवर आणि लेण्यांच्या खांबांवर आपली नावे कोरणारी मुले आपण पाहतो. आपले नाव टिकावे ही त्यांची इच्छा समजण्यासारखी आहे. पण ते टिकते एका सुंदर वस्तूवरील ओरखडा म्हणून.

हेच ते १८१९ वर्ष, ज्या वर्षी लोहाराचा मुलगा विल्यम स्मिथ कर्जापायी लंडनच्या तुरुंगात होता. एकाच वर्षी एक स्मिथ दगडातील चित्रावर आपले नाव खरडीत होता, आणि दुसरा स्मिथ दगडांचे रहस्य उलगडून दाखवल्यानंतरही अंधाऱ्या दिवसांतून जात होता. त्या वेळी कोणी पाहिले असते, तर घोड्यावर बसलेला अधिकारी भाग्यवान आणि तुरुंगातील मोजणीदार अभागी, असेच म्हटले असते. दोनशे वर्षांनंतर आपण त्यांच्याकडे पाहतो, तेव्हा आपले मत निराळे होते.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. या माणसांत समान असे काय होते? एक गरीब मोजणीदार, एक प्राध्यापक, एक छापखान्यातील उमेदवार, एक सिनेट सभासद, एक धावपटू आणि एक सैनिकी अधिकारी. कोणाचे आडनाव वडिलांकडून आले, कोणाचे विवाहाने आले, तर कोणाच्या पूर्वजांवर ते परिस्थितीने लादले. आडनाव ऐकून त्यांपैकी कोणाचीही बुद्धी, कोणाचेही धैर्य किंवा कोणाचाही प्रामाणिकपणा ओळखता आला नसता. स्मिथ या शब्दाने एवढेच कळते, की फार वर्षांपूर्वी कोठेतरी एक लोहार होता आणि तो आपले काम करीत होता. तेही कमी नाही. त्या अज्ञात लोहाराचे श्रम या शब्दात जपलेले आहेत, आणि त्याबद्दल आपण आदरच बाळगला पाहिजे.

आपल्या आडनावातही असाच कोणातरी पूर्वजाचा घाम, त्याचे गाव किंवा त्याची हकीकत दडलेली असेल. घरातील वडीलधाऱ्या माणसांना तिच्याविषयी अवश्य विचारावे. ती जाणून घेण्यात मोठी मौज असते. पण वर्गात नवा सोबती आला, की त्याच्या आडनावावर थांबू नये. तो काय वाचतो, कोणता खेळ खेळतो, कशाचे त्याला वेड आहे, हे त्याला विचारावे. कदाचित त्याच्याही खिशात, विल्यम स्मिथच्या खिशात असे तसा, शेतात सापडलेला एखादा चमत्कारिक दगड असेल.